लालवाणी सरांचा न्यूट्रॉन

अंकासाठी लिहा म्हणून सांगायला संपादक घरी आले, तेव्हा विषयही ते बरोबरच घेऊन आले होते: विद्यार्थ्यांचे गमतीदार किस्से. फिजिक्सच्या निवृत्त बाईकडे दुसरं काय असणार, असा त्यांचा समज. किस्से आहेतच. उल्हासनगरच्या कॉलेजात हयात काढलेल्या बाईकडे ते नसतील तरच नवल. चुंबकाच्या प्रयोगाआधी हातातल्या बांगड्या काढून ठेव म्हटल्यावर रडायला लागलेली, नुकतंच लग्न झालेली एक मुलगी होती. मुलाचा पेपर ‘जरा प्रेमाने’ तपासा म्हणून जीन्सच्या कापडाचा अख्खा तागा खांद्यावर टाकून स्टाफरूममध्ये आलेले एक गृहस्थ होते. तो तागा मी परत पाठवला, आणि स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनी त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही.

पण मला लिहायचं आहे ते एका न्यूट्रॉनबद्दल. संपादकांचा चेहरा पडला. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, छापायचं तर छापा, नाहीतर परत पाठवा.

आमच्या बदलापुरात फिजिक्स म्हणजे बिघडलेल्या वस्तूंचं शास्त्र. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते हे कळल्यावर गल्लीतल्या बायका मिक्सर घेऊन यायच्या. समोरच्या एका आजोबांनी हातात तांब्याचं कडं घालून विचारलं होतं की यातली इलेक्ट्रोमॅग्नेटिक शक्ती रक्तदाबाला चालेल ना. मी हो म्हटलं नाही, तेव्हा त्यांनी माझ्या पदवीबद्दलच शंका घेतली. अशा वातावरणात राहून मी आणि आमचे विभागप्रमुख लालवाणी सर कित्येक वर्षं प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या पोटात काय चाललंय याचा हिशेब करत होतो, हे सांगणार तरी कोणाला?

सर फाळणीत सिंधमधून आले तेव्हा शाळकरी वयाचे होते. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत वाढले, तिथेच दिव्याखाली शिकले आणि पुढे त्याच गावातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. मी नोकरीला लागले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, “मॅडम, न्यूट्रॉनका चार्ज कितना है?” मी शून्य म्हटलं. ते म्हणाले, “सब यही बोलते हैं,” आणि तासाला निघून गेले. मला राग आला होता. इंटरव्ह्यू तर होऊन गेला होता, मग ही परीक्षा कसली? त्यांचं म्हणणं काय होतं ते कळायला मला पुढची काही वर्षं लागली.

ते आता तुम्हालाही सांगते. घाबरू नका, समीकरण एकही येणार नाही.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांचा मिळून अणूचा गाभा बनतो. दोघांच्याही आत तीन-तीन क्वार्क असतात. क्वार्क दोन जातींचे, एकावर धन विद्युतभार आणि दुसऱ्यावर ऋण. प्रोटॉनमध्ये त्यांची बेरीज धन येते. न्यूट्रॉनमध्ये ती शून्य येते. पण बेरीज शून्य म्हणजे आत काही नाही असं नव्हे. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारख्या ताकदीचे असले की दोर जागचा हलत नाही, म्हणून मैदानात कोणी नाही असं आपण म्हणत नाही. न्यूट्रॉनच्या मध्याकडे थोडा धन भार जास्त असतो आणि कडेला थोडा ऋण. हे प्रयोगातून माहीत झालेलं आहे. असं का, हा सरांचा प्रश्न होता.

माझ्या सासूबाईंनी मला एकदा तांदूळ निवडता निवडता विचारलं होतं, “आन् डोल्यांना दिसत नाय, तर तुमी मोजतां कसा?” प्रश्न अगदी रास्त होता. मी सांगितलं, करवंदीच्या जाळीत काय लपलंय ते बघायला आपण बाहेरून दगड मारतो ना, तसे मोठमोठ्या यंत्रांतून इलेक्ट्रॉन मारतात आणि ते कुठे आणि किती वळले ते बघतात. तशी यंत्रं परदेशात. आमच्याकडे कागद होता. आतले क्वार्क अमुक तऱ्हेने जोडलेले असतील तर इलेक्ट्रॉन किती वळेल, हे आम्ही कागदावर काढायचं आणि परदेशातल्या मोजमापांशी जुळतं का ते बघायचं. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे दगड त्यांचा आणि डोकेदुखी तुमची.

आता ती जोडणी. प्रत्येक क्वार्कला एक अंगभूत फिरकी असते, आम्ही तिला स्पिन म्हणतो. तिला दोनच दिशा, वर किंवा खाली. तिघांच्या स्पिनची मिळून बेरीज अशी यावी लागते की बाहेरून बघणाऱ्याला एकाच क्वार्कइतका स्पिन दिसावा. हे अनेक तऱ्हांनी जमतं. सर तीन बोटं वर करून समजवायचे. दोन बोटं एकमेकांना चिकटवायची: ही जोडी, एक वर एक खाली, दोघांनी एकमेकांना गप्प केलं. तिसरं बोट एकटं, बाहेर दिसणारा सगळा स्पिन त्याचा. ही झाली एक जोडणी. त्याच तिघांना बांधायची दुसरीही एक तऱ्हा आहे, जिच्यात जोडीची गाठ क्वार्कांच्या हालचालीवर, त्यांच्या वेगावर अवलंबून असते. गंमत अशी की क्वार्क शांत बसलेले धरले तर दोन्ही तऱ्हांचं उत्तर एकच येतं. पण ते शांत बसत नाहीत. ते प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळतात, आणि इतक्या वेगात स्पिनची दिशाही कलते. तिथे जोडणीचा फरक दिसायला लागतो.

सरांना असं वाटत होतं की प्रोटॉनला या फरकाचं फारसं काही वाटणार नाही, त्याच्याकडे मोठा धन भार आहे, त्यात सगळं झाकून जातं. न्यूट्रॉनकडे झाकायला काही नाही. त्यामुळे जोडणी कोणती हे विचारायचं तर ते न्यूट्रॉनला विचारायला हवं. आणि न्यूट्रॉन पहिल्या तऱ्हेच्या, म्हणजे गप्प जोडीच्या बाजूने कौल देईल, असा त्यांचा कयास होता. त्यावर त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. कॉलेजातले सहकारी त्यांची मागून थट्टा करत. इतक्या वयात डॉक्टर होऊन काय पेशंट तपासणार का, हा त्यातला सगळ्यात सभ्य विनोद होता. सुरुवातीला मीही हसले असेन, पण सरांची ती तीन बोटं बघितल्यावर तो विषय माझ्या डोक्यातून जाईना. मी आपण होऊन त्यांच्या कामात शिरले.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचं निघालं.

सुरुवातीला आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. सर फळ्यावर लिहिता लिहिता फळ्याच्या चौकटीवर लिहायला लागले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलींनी मला येऊन सांगितलं. कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. सरांना समोरचं एका नळीतून बघावं तसं दिसायचं, आणि ती नळी दर काही महिन्यांनी अरुंद व्हायची. आमच्या कामात तर अक्षरांच्या पायाशी आणि डोक्यावर बारीक आकडे असतात, मुंगीएवढे. एक आकडा चुकला की पुढची पानंच्या पानं फुकट. निवृत्ती जवळ आली होती आणि सर्वांत लांबलचक गणित अजून व्हायचं होतं.

सर म्हणाले नाहीत, मीच म्हटलं, तुम्ही बोला, मी लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा जुना गर्व.

तर तसं सुरू झालं. आम्ही दुपारचे तास संपले की प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसायचो. सर डोळे मिटून बोलायचे. त्यांच्या डोक्यात सगळी मांडणी अशी साफ होती की ऐकताना मला हेवा वाटायचा. आमच्या गणितात स्पिनसाठी छोटे चौकोनी तक्ते वापरतात, मॅट्रिक्स म्हणतात त्यांना. हे तक्ते एकामागोमाग गुणायचे असतात आणि क्रम महत्त्वाचा. आधी मोजे आणि मग बूट, याच्या उलट करून चालत नाही, तसं. सुरुवातीचा न्यूट्रॉन, त्यातला कललेला क्वार्क, त्याला बसलेला धक्का, धक्क्यानंतर पुन्हा कललेला क्वार्क, आणि शेवटचा न्यूट्रॉन: अशी ती साखळी. सर एकेक कडी सांगत, मी लिहीत जाई. मधूनच खिडकीतून अंबरनाथकडच्या कारखान्यांचा उग्र वास आला की सर थांबायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि पुन्हा त्याच कडीवरून पुढे निघायचे. एकदाही त्यांची कडी चुकली नाही.

साखळ्या लिहून झाल्यावर त्यांतून आकडे काढायला कॉम्प्युटर लागायचा. तो कॉलेजात नव्हता. कॅम्पात सरांचा एक जुना विद्यार्थी, मनोहर, कॉम्प्युटर क्लास चालवायचा आणि बाकीच्या वेळात जीन्सवर लावायची लेबलं छापायचा. तो आम्हाला दुपारचं मशीन वापरू द्यायचा. “सर, आपका न्यूट्रॉन बैठा है, उठाऊँ क्या?” असं तो विचारायचा, आणि लेबलांचं काम आलं की आमचा न्यूट्रॉन खरंच उठवावा लागायचा. दोन बाया शिवणकाम सोडून टायपिंग शिकायला यायच्या. पडद्यावर सरकणाऱ्या आमच्या आकड्यांकडे बघून त्यांनी मला सरळ विचारलं की हा लॉटरीचा धंदा आहे का. मनोहरने त्यांना काय समजावलं माहीत नाही, पण त्यानंतर त्या माझ्याकडे जरा आदराने बघायला लागल्या.

आलेखात न्यूट्रॉनची रेघ शून्यापासून निघते. ती हळूहळू वर चढली तर त्याचा अर्थ कडेला ऋण भार, म्हणजे प्रयोगाशी जुळतं. खाली गेली तर उलट. प्रोटॉन आधी काढला, तो छान जुळला, दोन्ही जोडण्यांत जवळजवळ सारखा. सरांचा अर्धा कयास खरा ठरला. मग आम्ही गप्प जोडीचा न्यूट्रॉन काढला. रेघ खाली गेली.

मी पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा खाली. सर शेजारी बसले होते. त्यांना पडदा दिसत नव्हता, त्यांनी विचारलं, “ऊपर या नीचे?” मी सांगितलं. ते म्हणाले, चला, मनोहरला मशीन पाहिजे असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावलं, जसं काही नुकसान माझंच झालं होतं. कयास होता, चुकला. निसर्गावर जबरदस्ती करता येत नाही. मुंबईच्या मार्गदर्शकांना पत्र लिहून नोंदणी रद्द करायला सांगायची, एवढंच बाकी होतं. ते पत्रही मीच लिहून द्यावं अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, देते, पण सुट्टीनंतर. माझ्या मनात वेगळंच होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. लांब गणित एकाने केलं की दुसऱ्याने ते पहिल्यापासून, पहिल्याचा कागद न बघता करायचं. काम चालू असताना एकमेकांशी त्याबद्दल अक्षर बोलायचं नाही, शेवटीच उत्तरं समोरासमोर ठेवायची. कागद बघून तपासलं तर डोळा पहिल्याच्याच वाटेने चालतो आणि त्याच खड्ड्यात पडतो. सरांच्या सांगण्यावरून लिहिताना मी फक्त हात होते. म्हणजे गणित अजून एकाच माणसाने केलेलं होतं.

मी ती मे महिन्याची सुट्टी त्यात घातली. पापड-कुरडयांच्या दिवसांत सून पाटावर कागद पसरून बसलेली बघून सासूबाईंना काय वाटलं असेल ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, कुरडया मात्र शेजारणीला बोलावून केल्या. मी व्याख्येपासून सुरुवात केली आणि माझी साखळी मी बांधली. बरीचशी पदं सरांच्यासारखीच आली. पण जिथे तीन तक्ते एकमेकांत गुंतून येत होते, तिथे माझं चिन्ह नेमकं उलटं. त्यांचं उणे तिथे माझं अधिक. मी तीनदा बघितलं. उणे येईना.

म्हणजे दोघांपैकी एक चूक. सरांची चूक होईल यावर माझा विश्वास नव्हता आणि माझी चूक मला सापडत नव्हती. कॉलेज सुरू व्हायची वाट न बघता मी दोन्ही कागद घेऊन विठ्ठलवाडी स्टेशनला उतरले आणि त्यांच्या घरी गेले.

सरांच्या पत्नीला आम्ही सगळे भाभी म्हणायचो. ठेंगण्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि सरांच्या औषधाच्या थेंबांची वेळ कधीही न चुकवणाऱ्या. त्यांनी मला सरबत दिलं आणि सरांच्या शेजारची खुर्ची ओढून दिली. मी सांगितलं की माझं चिन्ह वेगळं येतंय. सर एकदम ताठ बसले. म्हणाले, मी सांगितलेलं वाचा, पहिल्यापासून.

मी त्यांचा कागद वाचायला लागले. दुसऱ्याच कडीला त्यांनी हात वर केला. “मॅडम, ये मैंने नहीं बोला.”

मला हे सहन झालं नाही. अक्षर न् अक्षर त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं होतं. मी तसं स्पष्ट म्हटलं, जरा चढ्या आवाजातच. तेही चिडले. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांवर आवाज चढवला तो त्या एका दुपारी. ते म्हणत होते, मी आधी सुरुवातीचा न्यूट्रॉन सांगितला. मी म्हणत होते, हो, आणि मी आधी तोच लिहिला आहे. ते म्हणत होते, मग वाचताना तो आधी का आला? मी म्हटलं, आधी लिहिला म्हणून आधी आला, दुसरं काय होणार?

भाभींनी मध्ये पडून भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, मागची कोरी बाजू वर करून टेबलावर ठेवलं आणि सरांच्या हातात जाड काळा मार्कर दिला. म्हणाल्या, “झगड़ा मत करो, लिखके दिखाओ.”

सर कागदावर ओणवले. त्यांनी डाव्या हाताने कागदाची कड चाचपली आणि मार्कर टेकवला, उजव्या टोकाला. सुरुवातीचा न्यूट्रॉन त्यांनी तिथे, अगदी उजव्या कडेला लिहिला. मग त्याच्या डावीकडे कललेला क्वार्क. त्याच्या डावीकडे धक्का. एकेक कडी लिहीत त्यांचा हात डावीकडे सरकत गेला.

मी बघतच राहिले. सगळं लख्ख कळलं, आणि हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. आमच्या गणितात साखळी असतेच तशी: आधी घडणारी गोष्ट उजव्या टोकाला, शेवटची डाव्या. आम्ही बाकीचे लोक शेवट आधी लिहितो, डावीकडून, सवयीने, आणि अर्थ मागून पुढे लावतो. सरांनी पहिली अक्षरं गिरवली ती सिंधच्या शाळेत, उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिपीत. त्यांना असली साखळी समोर आली की आयुष्यभर ती तिच्या नैसर्गिक बाजूनेच सुचली होती. वर्गातली सूत्रं ते तुमच्या-आमच्यासारखं डावीकडून लिहायचे, आणि इतक्या लांब साखळ्या आमच्या वर्गात कधी यायच्याच नाहीत. त्यांचे जुने कागद मी शेकड्यांनी बघितले होते. पण ओळ लिहून पुरी झाली की ती कुठल्या टोकाकडून लिहिली हे दिसत नाही. ते बोलत गेले उजव्या टोकापासून, मी लिहीत गेले डाव्या. अख्खी साखळी उलटी बसली. दोन तक्त्यांच्या जागी त्याने काही बिघडलं नव्हतं, तिथे उलट-सुलट एकच उत्तर येतं, आणि प्रोटॉनचं बहुतेक उत्तर अशाच जागांतून येतं, म्हणून तर तो सुरळीत जुळला होता. तिघं गुंतलेले असतील तिथे मात्र क्रम उलटला की चिन्ह उलटतं.

मी सरांना सांगितलं. ते मार्कर हातात धरून बसून राहिले. मग त्यांना हसू फुटलं, असं की भाभी घाबरून पाणी घेऊन आल्या. “मेरी गाड़ी उधरसे चलती है, मॅडम,” ते म्हणाले, “आपने पूछा क्यों नहीं?” मला मात्र हसू येत नव्हतं. ते पत्र मी आज्ञाधारकपणे लिहून दिलं असतं तर काय झालं असतं, हे डोक्यातून जात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मनोहरच्या मशीनवर सुधारलेला न्यूट्रॉन बसवला. रेघ शून्यातून निघाली आणि वर चढली. दुसऱ्या जोडणीचा न्यूट्रॉनही काढला, तो जेमतेम डोकं वर काढून आडवा झाला. सरांनी विचारायच्या आत मी म्हटलं, “वर, सर. चांगला वर.” त्यांनी माझा हात शोधून धरला. मनोहरने लेबलांचं काम थांबवून समोरून समोसे मागवले, आणि टायपिंग शिकणाऱ्या बायांना वाटलं लॉटरी लागली.

त्यानंतर काही महिन्यांत सर निवृत्त झाले. समारंभात त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ कसलं देता, असं मी प्राचार्यांना आधी म्हटलं होतं, पण ते आणून झालं होतं. घरी गेल्यावर सरांनी भाभींना त्याची टिकटिक ऐकवायला सांगितलं आणि चालेल म्हणाले. तोवर त्यांना खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं. मी प्रबंध टाइप करायला घेतला होता. प्रकरणं एकेक करून त्यांना वाचून दाखवायचे, ते दुरुस्त्या सांगायचे. आता मी आधी विचारायचे, सर, कुठल्या टोकापासून?

तो प्रबंध पुढे कधी सादर झाला नाही.

महिन्यातून एकदा मी मुंबईच्या एका मोठ्या ग्रंथालयात जाऊन नवी नियतकालिकं चाळायचे. अशाच एका दिवशी एका अंकात मला आमचाच विषय दिसला. क्वार्कांच्या स्पिनच्या जोडण्या आणि त्यामुळे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या विद्युतचुंबकीय रचनेत पडणारा फरक. पान उलटलं तर आलेख. न्यूट्रॉनची रेघ गप्प जोडीसाठी वर गेलेली, दुसरीसाठी जेमतेम उठलेली. आमच्या टेबलावरचा कागद कोणीतरी चोरून सुबक छापावा असं ते दिसत होतं. चोरीबिरी काही नव्हती. त्यांनी त्यांचं काम केलं होतं, आमच्याहून नीट, आमच्याहून पुढे जाऊन, आणि आधी छापलं होतं. नवं काही नसेल तर डॉक्टरेट मिळत नाही. मी त्या खुर्चीत बसून रडले. समोर बसलेल्या एका तरुणाने आपली पाण्याची बाटली हळूच माझ्याकडे सरकवली.

घरी न जाता मी सरळ सरांकडे गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. मार्गदर्शकांना विचारून काही बदल करता येतील, एखादं प्रकरण वाढवता येईल, असं काहीबाही. तिथे पोचल्यावर मी फक्त म्हटलं, सर, आपलं काम बाहेरच्या लोकांनी छापलंय, मी झेरॉक्स आणली आहे.

सर म्हणाले, वाचा.

मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते, तीन बोटं मांडीवर, दोन चिकटलेली. मी आलेखापाशी आले. त्यांनी विचारलं, “उनका न्यूट्रॉन? ऊपर?”

“वर, सर.”

“हमारे जितना?”

“जवळपास तितकाच.”

त्यांनी मान हलवली आणि तेवढा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. मी पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा बघून मला राग यायला लागला होता. खरंच आला. त्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. इतकी वर्षं, डोळे, थट्टा, माझी सुट्टी, सगळं पाण्यात गेलं होतं आणि हा माणूस कौतुकाची बातमी ऐकल्यासारखा बसला होता. मी म्हटलं, सर, आता डिग्री मिळणं कठीण आहे, कळतंय ना तुम्हाला?

ते कळतंय म्हणाले. मग त्यांनी विचारलं की हे कोण लोक आहेत. मी वरची नावं वाचली, वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांमधल्या पाच जणांची. मग सर दाराच्या बाजूला तोंड करून भाभींना सिंधीत काहीतरी म्हणाले, बऱ्याच मोठ्याने, आणि आरामखुर्चीत मागे टेकले.

मी भाभींकडे बघितलं. त्या पदराने हात पुसत दारात उभ्या होत्या.

“बोलते हैं,” भाभी म्हणाल्या, “उनको पाँच लोग लगे.”